ऑक्झेंडन सात वाजता आला : आठ गुणांच्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

सराव परीक्षेचा पेपर होता. या पेपरात एक उतारा देतात आणि विचारतात : अमुक गोष्टीचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकाराला हे साधन कितपत उपयुक्त आहे? प्रश्न आठ गुणांचा. मी ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहितोय तिला त्यात तीन मिळाले. मुलगी वाचणारी, सनावळ्या तोंडपाठ, अक्षर सुरेख. तीनच का, हे तिला कळेना. ती पेपर घेऊन माझ्यापाशी आली तेव्हा खरं सांगायचं तर मलाही ते नीट सांगता येईना. ‘अधिक विश्लेषण हवे’ असा शेरा मी मारला होता. आजवर शेकडो पेपरांवर मी तो मारला असेन, आणि नेमकं काय करायचं हे त्यातून एकाही मुलाला कळलं नसणार. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय.

उतारा होता हेन्री ऑक्झेंडनचा. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून पाठवलेला हा वकील १६७४ च्या उन्हाळ्यात रायगडावर होता. राज्याभिषेकाच्या दिवसाची त्याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चांगली परिचयाची आहे. पेपरात दिलेल्या भागाचा आशय असा : ६ जून, सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेलो. राजा भव्य सिंहासनावर बसला होता. भारी पोशाखातले मानकरी त्याच्या सेवेत होते. पुत्र संभाजीराजे, पेशवा मोरोपंत आणि एक थोर ब्राह्मण सिंहासनाखालच्या पायरीवर बसलेले, बाकीचे सगळे अदबीने उभे. मी लांबूनच मुजरा केला. आमच्या दुभाष्याने, नारायण शेणव्याने, नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली. राजाचं लक्ष गेलं आणि त्याने आम्हाला सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावलं. मानाची वस्त्रं देऊन आम्हाला निरोप दिला. पण निघता निघता मी पाहिलं, की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर मुसलमानी रीतीप्रमाणे राजचिन्हं लावली होती. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल असलेला सोन्याचा तराजू, म्हणजे न्यायाचं चिन्ह. परतताना वाड्याच्या दाराशी लहान हत्ती आणि सोन्याच्या साजातले दोन देखणे घोडे दिसले. इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचं आम्हाला नवल वाटलं.

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकाराला हे साधन कितपत उपयुक्त आहे? उतारा आणि तुमची स्वतःची माहिती यांच्या आधारे लिहा.

तिचं उत्तर मी जसंच्या तसं देतो. “हे प्राथमिक साधन आहे म्हणून ते उपयुक्त आहे. हेन्री ऑक्झेंडन स्वतः हजर होता, त्यामुळे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले लिहिले आहे. परंतु तो इंग्रज होता, त्यामुळे त्याच्या लिखाणात पूर्वग्रह असू शकतो. तो कंपनीच्या फायद्यासाठी आला होता. त्यामुळे हे साधन पूर्णपणे विश्वसनीय नाही. म्हणून ते काही प्रमाणात उपयुक्त आहे.”

सहा वाक्यं, आणि एकही चुकीचं नाही. पेपर तपासणाऱ्याची अडचण होते ती इथेच. चूक सापडत नाही म्हणून गुण कापताना हात अडखळतो, आणि कापले तर कारण देता येत नाही.

मी एक साधी गोष्ट केली. तिच्यासमोर पेन्सिलीने ‘हेन्री ऑक्झेंडन’ खोडलं आणि त्या जागी ‘जॉन फ्रायर’ लिहिलं. हा कंपनीचा डॉक्टर. त्याचं हिंदुस्थानचं वर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं आणि त्यातही रायगडच्या या वकिलातीची हकीकत आहे. “आता वाच.” तिने वाचलं. फक्त ‘स्वतः हजर होता’ एवढं खोटं ठरलं, कारण फ्रायर रायगडावर नव्हता, त्याने दुसऱ्यांकडून मिळालेलं लिहिलं. बाकी पाच वाक्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. मग मी ‘इंग्रज’ खोडून ‘डच’ केलं. तरी उत्तर उभंच. “सर, मग हे उत्तर कशाबद्दल आहे?” तिने विचारलं. हाच प्रश्न मी तिला विचारणार होतो. मत्स्यमुखं, तराजू, अंगठी, हत्ती यांतलं काहीच तिच्या उत्तरात आलं नव्हतं. उतारा झाकून ठेवला असता तरी ते उत्तर लिहिता आलं असतं.

यात तिचा दोष कमी. कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशासाठी लिहिलं ही त्रिसूत्री मीच शिकवली होती. तिने तिन्ही प्रश्नांना इमानाने उत्तरं दिली. त्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की उत्तरपत्रिकेतलं उत्तर सुरू होतं, हे मी शिकवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या पाचव्या-सहाव्या वाक्यात दडली आहे. ‘विश्वसनीय नाही, म्हणून काही प्रमाणात उपयुक्त.’ मुलं हे दोन शब्द एकाच नाण्यासारखे वापरतात. विश्वसनीय म्हणजे साधनात लिहिलेलं खरं मानता येईल का. उपयुक्त म्हणजे मला जे शोधायचं आहे ते या साधनातून सापडेल का. तंतोतंत खरा कागदही माझ्या प्रश्नाला निरुपयोगी असू शकतो. उलट एकतर्फी, फुगवून लिहिलेला कागद अत्यंत कामाचा ठरू शकतो, कारण तो कोणी आणि का फुगवला हेच मला शोधायचं असतं. ‘उपयुक्त’ हा शब्द एकटा उभा राहूच शकत नाही. कशासाठी, हे मागोमाग यायलाच हवं. पेपरातल्या प्रश्नाने ते आधीच सांगितलेलं असतं आणि मुलं नेमकं तेवढंच वाचायचं सोडतात.

मग आम्ही पूर्वग्रहाकडे वळलो. मी म्हटलं, “तो इंग्रज होता, कंपनीसाठी आला होता, मान्य. आता उताऱ्यावर बोट ठेवून दाखव, हा पूर्वग्रह कुठल्या ओळीत आहे?”

तिने बराच वेळ पाहिलं. आधी मत्स्यमुखांवर बोट ठेवलं, मग उचललं. सोन्याचे मासे दोन होते की तीन, याच्याशी कंपनीचं काय देणंघेणं? घोड्यांच्या साजाचंही तेच. शेवटी बोट अंगठीवर थांबलं. “इथे सर. अंगठी दाखवली, राजाने लगेच पाहिली, जवळ बोलावलं. म्हणजे आपली वकिलात किती छान झाली हे तो वरिष्ठांना सांगतोय.”

बरोबर. तो कोणासाठी लिहीत होता हे लक्षात घेतलं की ही एक ओळ वेगळी पडते. त्याला मुंबईला दाखवायचं होतं की आपला मान राखला गेला. काम मोठं होतं. राजापूरची इंग्रजांची वखार मराठ्यांनी १६६१ मध्ये लुटली होती, तिची भरपाई कंपनी किती वर्षं मागत होती, आणि व्यापाराच्या सवलतींचा तह करून घ्यायचा होता. अंगठीची ओळ सावधपणे वाचायची, पण तेवढ्यासाठी तराजूची ओळ टाकून द्यायची नाही. पूर्वग्रह सगळ्या कागदावर सारखा पसरलेला नसतो. लिहिणाऱ्याचा स्वार्थ जिथे अडकलेला असतो तिथे तो साचतो. आणि इतिहासकाराला अंगठीची ओळही हवीच असते. परक्या व्यापारी कंपनीचा माणूस सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावलं याचं अप्रूप नोंदवतो, यातून या दरबाराचं वजन बाहेरच्यांना काय वाटत होतं ते दिसतं.

तिला हे पटलं. दुसरा मसुदा ती दोन दिवसांनी घेऊन आली.

तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

तिने ‘स्वतःची माहिती’ मनावर घेतली होती. अर्धं पान अष्टप्रधानांवर. मग गागाभट्ट, राज्याभिषेक शक, २४ सप्टेंबर १६७४ चा निश्चलपुरींनी केलेला दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक, जिजाबाईंचा त्याच जूनमधला मृत्यू. सगळं खरं, आणि सगळं उताऱ्यापासून चार हात लांब. साधनाच्या प्रश्नात माहितीचं असं गाठोडं सोडलं की परीक्षकाला कळतं, अभ्यास आहे पण तो कुठे लावायचा ते कळत नाही. या टप्प्यावर बरीच मुलं कंटाळतात आणि मग सहा वाक्यांच्या साच्याकडे परत जातात. तसं होऊ नये म्हणून मी तिला आणखी एक कागद दिला.

जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही सनावळी लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. राज्याभिषेकाची नोंद तिच्यात एका दमात संपते : आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले. कोणाचे कपडे नाहीत, कोणाच्या अंगठ्या नाहीत.

“यात काहीच नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “सर, हे तर जुळत नाही. आपण तिथी त्रयोदशी धरतो. यात द्वादशी आहे. आणि ६ जूनला कोणता वार होता?”

वार शनिवार होता. तिला वाटलं, दोन साधनं एकमेकांना खोडतायत, आणि हे लिहिलं की गुण मिळतील. इथे पंचांग उपयोगी पडलं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. शुक्रवारची तीन घटिका रात्र उरली असताना इंग्रजी हिशेबाने ६ जूनचा शनिवार लागलेला होता. दिवस सूर्योदयाच्या तिथीने ओळखायची रीत असल्यामुळे शुक्रवारच्या नावापुढे द्वादशी आहे. दोन्ही कागद एकच पहाट सांगतायत. (इथली तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरने ती १६ जून होते. या पेपरात त्याची गरज नाही, पण मुलं विचारतात.)

विरोधाभास गेला म्हणून ती थोडी हिरमुसली. मग तिने वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. एक घटिका २४ मिनिटं. तीन घटिका ७२. सूर्योदयाच्या सव्वा तास आधी. तिने पुन्हा ऑक्झेंडनचा उतारा ओढून घेतला आणि पहिल्याच ओळीखाली रेघ मारली.

“सर, हा तर सात वाजता आला.”

मी हा उतारा कित्येकदा शिकवला आहे. ‘सात-आठच्या सुमारास’ हे शब्द मी दर वेळी वाचले आहेत आणि दर वेळी पुढे गेलो आहे. जून महिन्यातल्या सूर्योदयाचा हिशेब धरला तर राजे सिंहासनावर बसले त्यानंतर किमान अडीच तासांनी ऑक्झेंडन दरबारात शिरला. आणि तो स्वतःच लिहितो की राजा सिंहासनावर बसलेला दिसला. बसताना दिसला असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. त्याने काही लपवलं नाही, आपणच वाचलं नाही. तिच्या पहिल्या उत्तरातलं सगळ्यात भक्कम वाटणारं वाक्य होतं ‘स्वतः हजर होता’. तो हजर होता, पण अभिषेकाला नव्हे. त्यानंतरच्या दरबाराला. तिथेही त्याला फार वेळ मिळाला नाही. अंगठी, वस्त्रं, निरोप, आणि निघता निघता टाकलेली नजर. मासे, शेपट्या आणि तराजू हे सगळं त्या एका नजरेत टिपलेलं आहे.

हे कळलं आणि उताऱ्यातले बाकीचे शब्द आपोआप बोलू लागले. ‘एक थोर ब्राह्मण.’ तिच्या दुसऱ्या मसुद्यातल्या गोळीबंद माहितीत गागाभट्ट होते, पण ते या दोन शब्दांपाशी आणून जोडायचे होते. सिंहासनाखाली युवराज आणि पेशव्यासोबत बसलेला ब्राह्मण गागाभट्ट असण्याचा संभव मोठा आहे. ऑक्झेंडनला त्याचं थोरपण दिसलं, पण नाव किंवा काम नोंदवावंसं वाटलं नाही. विधी का करावा लागला, क्षत्रियत्वाचा प्रश्न काय होता, हे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येणारच नव्हतं. उलट भाल्यांवरची चिन्हं ‘मुसलमानी रीतीप्रमाणे’ आहेत हे त्याने ओळखलं, कारण ती रीत त्याच्या ओळखीची होती. मंत्रांनी अभिषेक झालेला राजा काही तासांनी दरबारात बसतो तेव्हा त्याच्या सिंहासनाभोवती त्या काळच्या सगळ्या हिंदुस्थानाला कळेल अशी सत्तेची भाषा मांडलेली असते. मला विचाराल तर अख्ख्या उताऱ्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि ते एका परक्याने, अनोळखी नजरेने पाहिलं म्हणूनच आपल्याला मिळालं. रोज दरबारात उभ्या राहणाऱ्याला मासे आणि शेपट्या नोंदवण्यासारख्या वाटल्या असत्या की नाही, शंका आहे.

सभासदाची बखर मी तुलनेसाठी काढली, फार वेळ नाही. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता. बखर त्याने १६९० च्या दशकात जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. तो बत्तीस मण सोन्याचं सिंहासन सांगतो आणि प्रसंगाबद्दल म्हणतो, ‘ही गोष्ट काही सामान्य जाली नाही.’ वर्गात मुलं लगेच मण म्हणजे किती किलो ते काढू लागतात आणि आकडा अशक्य म्हणून बखर बाद करतात. मणाचं वजन प्रदेशागणिक बदलत होतं हे एक. पण मोठी गोष्ट ही, की सभासद लिहीत होता तेव्हा रायगड मुघलांच्या ताब्यात जाऊन काही वर्षं झाली होती, आणि छत्रपती दूर दक्षिणेत एका किल्ल्यात वेढ्यात होते. अशा वेळी ते सिंहासन केवढं आठवावं लागलं असेल! सोन्याचं वजन शोधायला बखर कच्ची आहे. हरवलेलं सिंहासन पुढच्या पिढीला काय वाटत होतं ते शोधायला तिच्याइतका जवळचा कागद नाही.

तिचा तिसरा मसुदा असा होता. त्यातला मधला भाग देतो.

“सोहळ्याचा राजकीय दिखावा कसा होता हे समजण्यासाठी हे साधन फार उपयुक्त आहे. ऑक्झेंडनने मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि तराजू पाहिले व ती मुसलमानी रीत असल्याचे ओळखले. त्यावरून महाराजांनी इतर दरबारांना समजतील अशी चिन्हे वापरली हे कळते. या वस्तूंबद्दल खोटे लिहून कंपनीला काही फायदा नव्हता, म्हणून या ओळी विश्वसनीय वाटतात. अंगठी पाहून राजाने जवळ बोलावले ही ओळ मात्र त्याने आपल्या वरिष्ठांसाठी रंगवली असू शकते, कारण त्याला राजापूरची भरपाई व तह मिळवायचा होता. धार्मिक विधी समजण्यासाठी हे साधन उपयुक्त नाही. जेधे शकावलीनुसार महाराज तीन घटिका रात्र असताना सिंहासनावर बसले आणि ऑक्झेंडन सात-आठला आला. त्याने अभिषेक पाहिलाच नाही. एका थोर ब्राह्मणाचा उल्लेख आहे पण तो गागाभट्ट होता का आणि त्याने काय केले हे ऑक्झेंडनला माहीत नसावे.”

मी सात गुण दिले. एक कापला तो तराजूसाठी. ‘न्यायाचं चिन्ह’ हा अर्थ ऑक्झेंडनने स्वतः लावला की कोणी सांगितला, हे उताऱ्यात नाही. तिने तो अर्थ उत्तरात घेतला नव्हता, पण त्यावर शंकाही घेतली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं आणि लेखकाने त्यावर लावलेला अर्थ, हा फरक या पातळीवर मी मागतो. दुसऱ्या कोणी तपासला असता तर कदाचित आठही दिले असते, आणि मी भांडलो नसतो.

प्रश्न वेळेचा उरला. हे उत्तर तिने घरी बसून तासभर लिहिलं होतं. परीक्षेत आठ गुणांना पंधरा मिनिटांच्या वर देता येत नाहीत. पुढच्या आठवड्यात मी घड्याळ लावून बसवलं. काय टाकायचं ते तिचं तिनेच ठरवलं. ‘प्राथमिक साधन आहे’ हे वाक्य गेलं. ‘काही प्रमाणात’ गेलं. सभासद गेला, आणि त्याचं तिला वाईट वाटलं हे चेहऱ्यावर दिसत होतं. तेराव्या मिनिटाला तिने पेन खाली ठेवलं. मी कागद उलटा करून घेतला आणि वाचायला लागलो. पहिली ओळ होती : “ऑक्झेंडन दरबारात सात वाजता आला, तेव्हा अभिषेक होऊन गेला होता.”